मीटरच्या कडेनं

खोली दहा बाय आठची होणार होती.
कागदावर तरी.
कागद म्हणजे कटिंगचा खाकी,
मागच्या बाजूला कुणाच्या तरी छत्तीसच्या ब्लाऊजचा
अर्धा मुंढा अजून आखलेला.

बाळगोंडा मेस्त्री फक्की घेऊन आले,
बाजूच्या बोळात वाकले,
पांढरी रेघ ओढत ओढत
मीटरच्या पेटीखाली येऊन थांबले.
"वहिनी, ह्येचं काय करायचं?"

ह्येचं, म्हणजे
राखाडी पेटी, काचेमागं लुकलुकणारा लाल ठिपका,
गल्लीतल्या पोलावरनं आलेली काळी वायर,
खाली दीड हातावर नळाची लाईन,
तिला खेटून ड्रेनेजचं चेंबर
आणि कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा.
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
उन्हाळाभर मी त्यात धुण्याचं शेवटचं पाणी ओतते.
का ओतते, विचारलं नव्हतं. आप्पा ओतायचे.

घराला आतनं एवढी शिलाई असते
हे उसवायला घेतल्यावर कळतं.

दोड्डमनी वायरमन आला. चहा घेतला.
वर बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडं.
"मीटर खोलीच्या आत जाणार न्हाई.
रीडिंगवाल्या पोराला बाहेरनं दिसाय पायजे.
वायरीखाली पत्रा तर घालूच नका,
एवढंसं खरचटलं की सगळं घर झटका देतंय.
सरकवायचा तर अर्ज करा, कोटेशन भरा.
आणि नाव कुणाचं हाय मीटरवर?"

रंगराव भाऊ माजगावकर.
जाऊन बारा वर्षं झाली,
तरी दर महिन्याला बिल त्यांनाच येतं
आणि हे ते वाचून दाखवतात,
"आप्पांनी या महिन्यात लई लाईट जाळली."

"मग आधी नाव बदला," दोड्डमनी म्हणाला.
"सगळ्या वारसांच्या सह्या."

सगळ्या म्हणजे तीन.
एक आमच्या घरात.
एक नणंदेची, गडहिंग्लजला, ती देईल.
एक इचलकरंजीत, मागाच्या खडखडाटात,
चार दिवाळ्या न बोललेली.

दुपारी मेस्त्री जेवायला गेले
तेव्हा मी शिलाईची टेप घेऊन बोळात उभी राहिले.
पेटीच्या खाली चार भोकं आहेत, जुन्या पेटीची.
एकोणीसच्या पुरात कुंभार गल्लीत
पाणी त्या भोकांच्याही वर गेलं होतं.
उतरल्यावर अरुणभावजी आले मिल बुडवून,
चिखलात गुडघाभर उभं राहून
त्यांनी नवी पेटी दोन्ही हातांनी वर धरली,
ह्यांनी स्क्रू फिरवले.
"अजून वर घे दादा. अजून. नदी उंच हाय."
भोकांपासून नव्या पेटीपर्यंत
छत्तीस इंच. बरोबर छत्तीस.

भांडण नंतरचं. ते कशावरनं झालं
ते मला नीट सांगता येतं, पण सांगत नाही.

मी खाकी कागद जमिनीवर पसरला,
दहा बाय आठच्या कोपऱ्यात खडू टेकवला
आणि मीटर, चेंबर, खड्डा बाहेर ठेवून
गोल वळवत आणला.
कात्री लावली.

मेस्त्रींनी कागद उजेडात धरला.
"वहिनी, कोपरा खाल्लेली खोली करणार?
लोक हसतील."
"मुंढा सरळ कापला, मेस्त्री,
तर घालणाऱ्याचा हात वर होत नाही."

ते थोडा वेळ गप्प.
मग पायानं फक्कीची जुनी रेघ पुसली
आणि नवी ओढायला लागले,
हळू, जीभ दातात धरून,
गोलाईला हात बसलेला नव्हता त्यांचा.

दोन मशिनी मावतील. पिको-फॉलची एक, साधी एक.
खिडकी पेटीच्या बाजूला नको, दोड्डमनी म्हणालाय,
म्हणून उगवतीला.

संध्याकाळी इचलकरंजीला फोन लावला.
सही मागायला नाही.
मीटर हलवत नाही, तेवढंच सांगायला.
तिकडं वाजत होता.
इकडं बोळात अंधार पडत होता
आणि आप्पांच्या नावानं
तो लाल ठिपका
मोजत होता.